अ‍ॅरिझोनात नव्याने आलोय, इथल्या वाळवंटात शिकारीला सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये काही हंगाम मित्रांबरोबर मचाणावरून हरणाची शिकार केली, आता नोकरीमुळे टूसॉनला आलात, एच-वन-बीवर आहात आणि इथे पहिलं जनावर कुठलं धरावं, काय विकत घ्यावं ते कळत नाही. मी याच भागात बरीच वर्षं शिकार करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायदा, कारण तिथे चुकलात तर शिकार राहू द्या, व्हिसावर गदा येईल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या उपयोगाचा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. लायसन्स संपलं की अपवादही संपला, आणि मग कपाटात नुसती पडून असलेली रायफलसुद्धा गुन्हा ठरू शकते. अ‍ॅरिझोनाचं लायसन्स घेतल्या तारखेपासून ३६५ दिवस चालतं, म्हणजे प्रत्येकाची संपायची तारीख वेगळी. ती फोनमध्ये टाकून ठेवा आणि आधीच नवं काढा. ग्रीन कार्ड झालं की ही अट राहत नाही. तोवर मनात शंका असेल तर वकिलाला विचारा, नेमबाजीच्या मैदानावरच्या गप्पांवर विसंबू नका.

दुसरं, राज्यात सलग सहा महिने राहिल्याशिवाय तुम्ही बाहेरचे धरले जाता. फी बरीच जास्त पडते आणि टॅगांत (टॅग म्हणजे एक जनावर मारायच्या परवानगीची चिठ्ठी) बाहेरच्यांचा वाटा १० टक्क्यांच्या वर जात नाही. सहा महिने भरत आले असतील तर थांबा आणि मगच अर्ज करा.

मिशिगनमध्ये दुकानात जाऊन हरणाचा टॅग घेता येतो. इथे मोठ्या जनावरांचे बहुतेक रायफल टॅग ड्रॉने, म्हणजे सोडतीने मिळतात. एल्क (भलं मोठं हरीण) आणि प्राँगहॉर्नचे (काळविटासारखं जनावर) अर्ज साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला, हरणाचे जूनच्या आसपास आणि वसंतातल्या जॅव्हेलिनाचे (डुकरासारखं छोटं जनावर) ऑक्टोबरच्या सुमारास. नेमक्या तारखा अ‍ॅरिझोना गेम अँड फिश डिपार्टमेंटच्या पुस्तिकेत बघा. नंबर लागला नाही तर बोनस पॉईंट जमा होतो, त्याने पुढच्या सोडतीत संधी वाढते. इथला हंटर एज्युकेशन कोर्स केला की एक पॉईंट कायमचा मिळतो, म्हणून मिशिगनचं सर्टिफिकेट असलं तरी तो कराच. एल्कच्या चांगल्या युनिटसाठी (शिकारीसाठी आखलेला विभाग) लोक वर्षानुवर्षं पॉईंट साठवतात, त्यावर आत्ता जीव लावू नका.

माझं स्पष्ट मत : पहिल्या हंगामात जॅव्हेलिना. दिसायला रानडुकरासारखा, पण कूळ वेगळं. वजन साधारण १६ ते २७ किलो, त्यामुळे एकट्याने पाठीवर आणता येतो. टॅग हरणापेक्षा सहज लागतो, कधी कधी ड्रॉनंतर शिल्लकही राहतो. हंगाम मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत असतो, तेव्हा इथली हवा सुरेख असते आणि रॅटलस्नेक फारसे बाहेर नसतात. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे या भागातली शिकार डोळ्यांनी कशी करायची हे तो शिकवतो. तेच पुढे कूझ हरणाला कामी येतं. ते हरीण इतकं लहान आणि करडं की पूर्ण वाढलेला नरसुद्धा जेमतेम ४५ किलोचा, आणि समोरच्या उतारावर उभा असला तरी नवख्याला दिसत नाही.

मचाणाची सवय मात्र सोडावी लागेल. तिथे झाडीत तुम्ही बसता आणि जनावर तुमच्या वाटेने येतं. इथे दोन किलोमीटरवरचा डोंगर स्वच्छ दिसतो, म्हणून उंच सोंडेवर बसून दुर्बिणीने तो पिंजून काढायचा. रायफल तुमच्याकडे आहे तीच चालेल, पैसे दुर्बिणीवर घाला. चांगली १० बाय ४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची), आणि ती ट्रायपॉडवर लावायची सोय. ट्रायपॉडशिवाय उपयोग नाही, कारण हाताच्या थरथरीत दूरच्या कानाची हालचाल हरवते. उजाडायच्या आत जागेवर बसा, सूर्य पाठीशी राहील असं बघा, आणि उतार पट्ट्यापट्ट्याने, सावकाश बघा. जॅव्हेलिनाच्या अंगावर केस विरळ, थंडी सोसत नाही, त्यामुळे गार सकाळी कळप उन्हाच्या दक्षिण उतारावर येतो. दुरून काळपट दगडच वाटतात. मग त्यातला एक दगड हलतो आणि खांद्याभोवतीचा फिकट पट्टा दिसतो.

कळप दिसला नाही तर फड्या निवडुंग तपासा. जॅव्हेलिना तो दातांनी ओरबाडून खातो, म्हणून खाल्लेल्या फड्याची कड फाटकी असते आणि तिथून तंतू लोंबतात. तंतू ओले, हिरवे असले तर कळप जवळपासच आहे. त्याची नजर अधू असते, नाक मात्र तिखट. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. कुठल्या बाजूने जवळ जायचं ते यावरच ठरवा.

मिशिगनच्या काही सवयी इथे बेकायदा आहेत. मका टाकून जनावर बोलवायचं नाही. शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) लावायला जानेवारी २०२२पासून बंदी आहे. पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत तंबू ठोकून जनावरांचं पाणी अडवायचं नाही. हा नियम मला मनापासून पटतो, कारण कोरड्या महिन्यांत मैलोन्मैल तेवढंच एक पाणी असतं.

माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरा, गाडीत आणखी ठेवा. मोबाईलला रेंज नसते, म्हणून कुठे जाताय आणि कधी परतणार हे घरी लिहून द्या. खिशात एक जाड कंगवा असू द्या : चोया नावाच्या निवडुंगाचा काटेरी गोळा अंगाला चिकटला की कंगव्याने उडवायचा, बोटांनी धरलात तर तो बोटांत रुततो. पावसाळ्यात कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम नको. डोंगरावर पडलेल्या पावसाचं पाणी निरभ्र आकाशाखालीही लोंढ्याने येतं.

जनावर पडल्यावर टॅग लगेच लावा आणि लगेच कामाला लागा. फेब्रुवारीतही दुपारी इतकं तापतं की मांस बघता बघता खराब होतं, आणि खाण्याजोगं मांस वाया घालवणं हाही इथे गुन्हाच आहे. आतडी काढा, कातडं सोला, सुती पिशवीत घालून सावलीत टांगा, मग गाडीतल्या बर्फात. जॅव्हेलिनाच्या पाठीवर मागच्या बाजूला उग्र वासाची ग्रंथी असते. ती कातड्याबरोबर आपोआप निघते, तिच्यावर सुरी चालवायची नाही. केसांना लागलेले हात मांसाला लावू नका, हातमोजे बदला. ‘जॅव्हेलिनाला वास मारतो’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथेच बिघडलेलं असतं. आमच्याकडे कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून मंद आचेवर सुक्कं करतात. फक्त आतपर्यंत पूर्ण शिजवा.

ऑक्टोबरच्या अर्जानंतर नोव्हेंबर-डिसेंबरचे शनिवार-रविवार फक्त दुर्बीण घेऊन टूसॉनच्या दक्षिणेच्या सँटा रिटा डोंगरांच्या पायथ्याला किंवा टॅग मागितला असेल त्या युनिटमध्ये घालवा. कळप आपली हद्द सोडून फार लांब जात नाही, डिसेंबरात दिसला तर फेब्रुवारीतही त्याच परिसरात सापडायची शक्यता बरीच. टॅग लागला की युनिट नंबर इथेच कळवा, तिकडच्या कुठल्या रस्त्यांना फोर-व्हील ड्राइव्ह लागते ते सांगेन.