सांगलीतली परिषद संपल्यावर शनिवार-रविवार थांबावं का?

थांबा. आणि थांबाल तर कोल्हापूरला पळू नका, सांगली-मिरजेतच राहा.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नागपूरहून फेब्रुवारीत तुम्ही विश्रामबागेतल्या एका हॉटेलात परिषदेला येताय, गुरुवार आणि शुक्रवार. पुढे सुट्टीचे दोन दिवस आहेत. कंपनीला हे चालेल का, आणि सांगलीत पाहण्यासारखं काही आहे की सरळ गाडी करून कोल्हापूर-पन्हाळा उरकावं? मी सांगलीचा. कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे आणि आमच्याकडे बैठकांना येणाऱ्या बाहेरगावच्या लोकांना गाव दाखवायचं काम आनंदाने माझ्याकडे घेतो. त्यातले बहुतेक जण येतानाच कोल्हापूरचं ठरवून आलेले असतात. मग अर्धा शनिवार अंबाबाईच्या रांगेत, दुपारी तांबडा-पांढरा, आणि पन्हाळ्यावर पोचेपर्यंत दिवस कललेला. कोल्हापूर हे असं घाईत उरकायचं गाव नाही. त्यासाठी घरच्यांना घेऊन वेगळी सवड काढा.

आधी ऑफिसचं सांगतो, कारण तिथे गोंधळ झाला की फिरण्यातली मजा जाते. शनिवार-रविवार तुमचे स्वतःचे असले तरी साहेबांना आधी एक मेल टाका: परतीचं तिकीट रविवारचं काढतोय, वरच्या दोन रात्रींचं भाडं आणि फिरण्याचा खर्च माझा. परतीचा प्रवास तसाही कंपनीच्या खात्यावरच असतो. रविवारच्या तिकिटाला जास्त पैसे पडत असतील तर फरक तुम्ही भरा, आणि तेही मेलमध्येच लिहा. हॉटेलात शुक्रवारपर्यंतचं बिल वेगळं आणि पुढचं वेगळं करून घ्या, नाहीतर अकाउंट्सवाले महिनाभर विचारत राहतील. परिषदेच्या आयोजकांनी खोल्यांना सवलतीचा दर ठरवलेला असेल, तर तोच दर पुढच्या दोन रात्रींना मिळेल का ते बुकिंगच्या वेळीच विचारा, नंतर नाही. सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असेल तर मुख्यालय सोडण्याची परवानगी लेखी घ्या. बस, एवढंच.

आता गावाबद्दल. सांगलीत पन्हाळ्यासारखा किल्ला नाही, महाबळेश्वरसारखी हवा नाही. इथे पाहायची ती माणसांच्या हातातली कामं. कामानिमित्त आलेल्या माणसाला हे गाव जास्त भावतं असा माझा अनुभव आहे, कारण तो मुळात कसं बनतं, कसं विकलं जातं हे विचारणारा माणूस असतो.

शनिवारी सकाळी मिरज गाठा. विश्रामबाग सांगली आणि मिरजेच्या मधेच आहे, रिक्षाने फार वेळ लागत नाही. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत जा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्यं बनवायला घेतली. त्यात फरीदसाहेब शिकलगार यांचं नाव पहिलं घेतलं जातं. हत्यारांचं काम कमी होत गेलं आणि तेच हात सतारीकडे वळले. आजही त्याच घराण्यांतली मंडळी या धंद्यात आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुकानात दर विचारून बाहेर पडू नका. आत काम चाललेलं पाहू का, असं नम्रपणे विचारा. बहुतेक ठिकाणी बसायला स्टूल पुढे सरकवतात. तंबोऱ्याचा भोपळा हा खराखुरा वेलीवरचा भोपळा असतो, मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. भाजीचा नव्हे, कडू जातीचा, जाड सालीचा. तो महिनोन्‌महिने वाळवतात, मग कापतात. दांडीला तून नावाचं लाकूड लागतं. लाकूड मुरलेलं नसेल तर पुढे ते वाकतं आणि सूर हलतो, म्हणून कारागीर लाकडाच्या बाबतीत अजिबात घाई करत नाही. सगळ्यांत नाजूक काम शेवटी येतं: जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसीने अगदी हलका घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. माथ्याचा उतार बरोबर जमला की तारेतून तो भरलेला, घुमत राहणारा झंकार उठतो. जास्त घासलं गेलं तर घोडी फुकट. याला माप नाही, यंत्र नाही, फक्त कान. मी स्वतः मायक्रोमीटरवर काम करणारा माणूस आहे, आणि जवारी काढणाऱ्या कारागिरासमोर बसलो की वेळेचं भान राहत नाही.

तिथून मीरासाहेब दर्ग्यात जा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली वारले आणि याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात त्यांच्या नावाने संगीत सभा होते, मोठमोठे गवई इथे हजेरी लावून जातात. सतारमेकरांची गल्ली पाहून लगेच इथे आलात तर गाणारे आणि वाद्यं घडवणारे एकाच गावात का रुजले हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.

हळदीसाठी मात्र वारांचं गणित सांभाळा. सौदे, म्हणजे हळदीचे लिलाव, रविवारी नसतात. शनिवारचं मार्केट यार्डात आदल्या दिवशी विचारून घ्या. त्यापेक्षा परिषदेच्या एखाद्या दिवशी सकाळचं एक सत्र सोडता आलं तर सोडा आणि यार्डात या. मी हे जबाबदारीने सांगतोय: फेब्रुवारीत नवी हळद यायला लागलेली असते आणि तो देखावा सत्रापेक्षा मोलाचा आहे. शेतातून काढलेला हळकुंडाचा गड्डा तसाच विकायला येत नाही. तो आधी शिजवतात, मग उन्हात खडखडीत वाळवतात, मग ढोलात फिरवून पॉलिश करतात, आणि मग पोत्यांतून अडत्याच्या दारात. खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतात, वास घेतात, बोली चढते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं. यार्डात शिरलात की हवेतच पिवळी धूळ असते, तेव्हा पांढरा शर्ट घालू नका.

हळदीचीच दुसरी बाजू हरिपूरला आहे. हे गाव सांगलीला लागूनच, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर. इथली माती घट्ट, म्हणून तिथे जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून गवत-चटयांचा थर, वर मातीने बंद. आत हवा नाही म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी पेटता कंदील सोडून बघायचं. तो विझला तर आतली हवा जीवघेणी. २००५ च्या महापुराने यातली बहुतेक पेवं बुडवली आणि साठवण गोदामांकडे, शीतगृहांकडे गेली. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारलंत तर पेवांची जागा दाखवतील. संगमेश्वराचं देऊळ आणि घाट निवांत आहे. ‘शारदा’ नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे, जन्म १८५५ चा.

शनिवारची संध्याकाळ सांगली गावभागात घालवा. कृष्णेकाठचं गणपती मंदिर पटवर्धन संस्थानिकांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं, भव्य आणि स्वच्छ. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीच विष्णुदास भाव्यांना मराठीत नाटक करायला सांगितलं, आणि १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन तिथूनच आला. भावे नाट्यमंदिरात शनिवारी रात्री प्रयोग असेल तर तिकीट काढाच. सांगलीचा प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो हे पाहण्यातही आनंद आहे.

मंदिरापासून जवळच आयर्विन पूल, १९२९ चा. त्यावरून चालत जा. इथे पाण्याची पातळी फुटांत मोजतात: ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. फेब्रुवारीतली शांत नदी खाली बघून तो आकडा मनात धरा, मग या गावातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर लोक बोट ठेवून पाण्याची खूण का दाखवतात ते समजेल. एक सूचना अगदी गंभीरपणे: पात्रात उतरू नका, पाय बुडवायलासुद्धा नको. या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि हल्ले झालेले आहेत.

रविवारी एकच दिशा धरा. माझी पहिली पसंती खिद्रापूर. जिल्हा कोल्हापूर लागतो, पण मिरजेहून जवळ पडतं. कोपेश्वराचं हे शिलाहारकालीन देऊळ, पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आणि वर मधोमध गोल उघडं आकाश. शिवमंदिर असून समोर नंदी नाही. दुपारपूर्वी पोचा, तेव्हा त्या गोलातून ऊन खालच्या शिळेवर येतं. येताना नरसोबाची वाडी करता येते. रविवारी तिथे गर्दी असते, पण बासुंदी खाल्ल्याशिवाय येऊ नका.

देवळांपेक्षा रान आवडत असेल तर उलट दिशेला सागरेश्वर. हे अभयारण्य माणसांनी उघड्या डोंगरावर झाडं लावून, हरणं सोडून उभं केलेलं आहे. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. पायथ्याला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. वाटेत औदुंबरचा दत्त आणि १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी. कारखानदारीत असाल तर माळरानावर कारखान्यासाठी गाव वसवणं म्हणजे काय ते वाडीच्या आखीव रस्त्यांवरून दिसतं. दोन्ही दिशा एका दिवसात कोंबू नका.

खाण्याचं फार सांगत नाही. भडंग, म्हणजे इथले मसालेदार चुरमुरे, घ्या, हवाबंद पिशवीतलं नको, ताजं मिळतं ते. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा हंगाम, रस्त्याच्या कडेला शेतकरीच विकत असतात. बेदाणे आणि हळकुंडं घरी न्यायला उत्तम, दोन्ही प्रवासात खराब होत नाहीत.

परतीसाठी गोंदियाकडे जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगली आणि मिरज दोन्हीकडे थांबते आणि थेट नागपूरला नेते. रविवारचं आरक्षण लवकर भरतं, त्यामुळे परिषदेची तारीख पक्की झाली की आधी ते काढा, हॉटेलचं नंतर बघा.