टी पेशींवरचं संशोधन आणि पोटापाण्याचा प्रश्न

नमस्कार ताई,

तुमची लेक मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि टी पेशींमधल्या (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींमधल्या) ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर्सवर संशोधन करायचं म्हणते. तुम्ही विचारता, त्यापेक्षा डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून लॅबमध्ये लागलेली बरी नाही का?

आधी तिच्या डोक्यात काय आहे ते बघू. पेशीतली कुठली जनुकं चालू राहणार आणि कुठली बंद, हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं ठरवतात. त्यातलाच एक फॅक्टर फॉक्सपी३. तो असलेली टी पेशी प्रतिकारशक्तीला आवर घालते. अशा पेशींवरच्या कामाला २०२५चं नोबेल मिळालं. कार-टी या कर्करोगावरच्या उपचारात रुग्णाच्याच टी पेशी बदलून त्याला परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत हा उपचार चालतो, पण घट्ट गाठींच्या कर्करोगांपुढे टी पेशी थकतात. या थकव्यामागे टॉक्स नावाचा फॅक्टर आहे, हे २०१९मध्ये दिसलं. मग तो काढून टाकावा? तर त्याच्याशिवाय या पेशी तगतच नाहीत. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने कार-टी पेशींत सी-जून हा दुसरा फॅक्टर वाढवला आणि उंदरांमध्ये त्या जास्त काळ लढल्या. कोडं अजून सुटलेलं नाही. म्हणून तिची निवड मला मनापासून पटते.

पैशाचंही स्पष्ट सांगते. एमएस्सीनंतर पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. घरी तिच्या पगाराची लगेच गरज असेल, तर तसं आजच तिला सांगा. एमएस्सीवर थांबली तरी पेशी-उपचारांच्या कंपन्यांना फ्लो सायटोमेट्री (लेझरने पेशी मोजण्या-ओळखण्याचं तंत्र) येणारी, क्लीनरूममध्ये (निर्जंतुक खोलीत) शिस्तीने काम करणारी माणसं लागतात.

एमएस्सीसाठी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेशपरीक्षा देता येतील. जॅमच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रही असतं आणि मायक्रोबायोलॉजीची मुलं तिथेच मार खातात. बारावीची पुस्तकं रद्दीत घालू नका. आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत्ताच शिकू दे, कारण या विषयाचं निम्मं काम कॉम्प्युटरवर हजारो पेशींच्या आकड्यांशी झगडण्याचं आहे.

डीएमएलटीचा निर्णय तोवर लांबवा. आधी एका उन्हाळ्यात तिला खऱ्या प्रयोगशाळेत बसू द्या. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपची जाहिरात साधारण दिवाळीच्या सुमारास येते. शिफारसपत्र लागतं, तेव्हा कॉलेजातल्या सरांशी तिने या महिन्यातच बोलावं.