टीम लीड झालास, आता एवढं बघ

तुझ्या आठ जणांत तीन मुली आहेत, म्हणून आवर्जून सांगते.

संध्याकाळी साडेसहाला मीटिंग लावू नकोस. बीकेसीतून कुर्ला गाठायचं, तिथून कल्याणची गर्दी. घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. मुली गप्प बसतात त्या मत नसतं म्हणून नव्हे, घड्याळाकडे लक्ष असतं म्हणून. सकाळी अकराला घे आणि मग बघ कोण किती बोलतं. मिनिट्स लिहिणं, केक मागवणं ही कामंही आळीपाळीने सगळ्यांना दे.

सगळ्यात जपायचं ते बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या बाईला. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा तिला २०१७ पासून कायद्यानेच मिळते, ती कुणाची मेहेरबानी नाही. मी परतले तेव्हा माझा क्लायंट ‘तुला त्रास नको’ म्हणून दुसऱ्याला देऊन टाकला होता. विचारलं कुणीच नाही. बढती दोन वर्षं लांबली, आणि ते अजून सलतं. तू आधी विचार. हो की नाही, ते तिला ठरवू दे.

लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर कोण आहे ते माहीत करून घे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे २०१३ च्या कायद्याने ती लागतेच, अध्यक्षही महिलाच. छळाची तक्रार तुझ्या कानावर आली तर आपसात मिटवायला बसू नकोस. लेखी तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, ती समजूत घालण्यातच निघून जाते.

अप्रेझलचे फॉर्म भरण्याआधी मला फोन कर. आपण एकत्र बसून बघू.