वाचक विचारतात: इंग्लंडच्या खेड्यातली वंशावळ

प्रश्न: नमस्कार ताई. मी मूळची वाईची, लग्न झाल्यापासून डॉर्सेटमध्ये, डॉर्चेस्टरजवळच्या एका खेड्यात राहते. सासरे गेले तेव्हा कपाटात जुन्या कागदांचा डबा सापडला आणि तेव्हापासून मुलांसाठी त्यांच्या घराण्याची माहिती गोळा करतेय. १८४१ च्या सेन्ससमध्ये आमचा विल्यम सापडला, वय ३५, शेतमजूर. पण गावच्या चर्चच्या रजिस्टरमध्ये त्याच नावाआडनावाचे दोन बाप्तिस्मे आहेत, एक १८०२ चा, एक १८०५ चा, आईवडील वेगळे. वयाचा हिशोब करून मी १८०५ वाला धरला आणि तिथून मागे मागे १७४० पर्यंत पोचले. आता नवऱ्याची आत्या म्हणते हे सगळं चुकलंय. कसं ठरवायचं?

उत्तर: १७४० पर्यंतचं सगळं एका फाईलमध्ये घालून बाजूला ठेवा, फेकू नका, पण सध्या त्यावर एक वीटही रचू नका. आत्याबाईंची शंका रास्त आहे. १८४१ च्या सेन्ससला मोजणी करणाऱ्यांना सांगितलेलं असायचं की पंधराच्या वरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहा, म्हणजे ३५ ते ३९ मधला कोणीही कागदावर ३५ चाच दिसतो. त्यामुळे तुमचे दोन्ही विल्यम त्यात बसतात, १८०२ चा पण आणि १८०५ चा पण. आणि १८४१ ला जन्मगाव विचारलंच नव्हतं, फक्त याच काऊंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्म झाला का, हो की नाही, एवढंच. म्हणजे तो मुळात तुमच्या गावचाच होता हेही अजून सिद्ध नाही हो.

आता १८५१ चा सेन्सस काढा. त्यात कुटुंबप्रमुखाशी नातं असतं, पूर्ण वय असतं आणि जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, असतं. तरी वयावर फार विसंबू नका, लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला स्वतःचं वय अंदाजानेच माहीत असायचं, आपल्या आजीला विचारलं तर ती नाही का दुष्काळाच्या वर्षी जन्मले म्हणून सांगायची. मग दफनाची रजिस्टरं बघा, दोघांपैकी एक विल्यम लहानपणीच गेला असेल तर प्रश्न तिथेच मिटला, आणि हे फार लोक बघतच नाहीत, बाप्तिस्मा सापडला की आनंदाने पुढे पळतात. त्याचं लग्न १ जुलै १८३७ च्या नंतरचं असेल (सरकारी नोंदणी त्या दिवशी सुरू झाली) तर दाखल्यावर बापाचं नाव आणि धंदा मिळेल. आधीचं असेल, आणि वयावरून तसंच वाटतंय, तर नाही मिळणार. मृत्यूच्या दाखल्यावरही तिकडे मोठ्या माणसाच्या आईबापाचं नाव नसतं.

मग काय राहिलं? गाव राहिलं. माझं ठाम मत आहे की इंग्लंडच्या खेड्यात एकाच घराण्याच्या मागे लागून काही होत नाही, सगळं गाव वाचावं लागतं. दोन्ही आईबापांची सगळी मुलं लिहून काढा, शेजारपाजारची लग्नं बघा, साक्षीदार म्हणून कोण उभं राहिलंय ते बघा. आपल्याकडे नाही का भाऊबंदकी कळायला फेरफार आणि शेजारचे गट नंबर बघावे लागतात, तसंच.

आणि गरिबाला शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे पॅरिशचे गरिबांच्या मदतीचे कागद, ते डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्ट्री सेंटरमध्ये विचारा. हे जरा सविस्तर सांगते कारण इथेच खरं सोनं आहे. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका पॅरिशचा हक्काचा रहिवासी धरला जायचा आणि अडचणीत मदत करायची जबाबदारी त्याच पॅरिशची. त्यामुळे परगावचा मजूर आजारी पडला किंवा पोराबाळांसकट उपाशी राहायची वेळ आली की गावकऱ्यांना पहिली काळजी हीच, हा आपल्या गळ्यात पडतो की काय. मग त्याला दोन मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून जबाब घ्यायचे, कुठे जन्मलास, कुठे कुठे काम केलंस, कोणाकडे किती दिवस. हक्क मिळवायचा एक मार्ग होता लग्नाआधी एखाद्या शेतकऱ्याकडे पूर्ण वर्षभर नोकरी करणं, आपला सालगडीच म्हणा ना, आपल्याकडे पाडव्याला ठरतो तसा तिकडे मायकेलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरच्या सुमाराला ठरायचा. आणि काही शेतकरी मुद्दाम ५१ आठवड्यांचाच करार करायचे, म्हणजे वर्ष भरायला नको आणि गावावर बोजा नको.

असा एक जबाब मी पहिल्यांदा हातात घेतला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. जाडसर कागद, चार घड्यांच्या रेषा, शाई तपकिरी झालेली. अर्ध्या पानात एका माणसाचं सगळं आयुष्य, बापाचं गाव, नऊ वर्षांचा असताना पहिलं काम, मग तीन मालक, लग्न, चार मुलांची नावं वयांसकट. आणि खाली सहीच्या जागी एक फुली, वाकडी, एका बाजूला शाई जास्त ओघळलेली, कारण पेन धरायची सवयच नाही. त्या फुलीच्या आजूबाजूला कारकुनाने त्याचं नाव लिहिलेलं. आपल्याकडच्या अंगठ्यासारखंच. त्या माणसाने आयुष्यात कागदावर स्वतः केलेली बहुधा ती एकच खूण असेल, मला रडूच आलं तिथे बसल्या बसल्या.

असा जबाब तुमच्या विल्यमचा किंवा त्याच्या बापाचा मिळाला तर दोघांतला कोण ते एका ओळीत कळेल. जबाबानंतर कुटुंबाला हक्काच्या गावी परत पाठवायचा हुकूम निघायचा, त्यात बायकामुलांची नावं असतात, म्हणून पोर जन्मलं एका गावात आणि बाप्तिस्मा दुसऱ्याच गावात असंही होतं. तेव्हा आसपासच्या पाचसहा गावांची रजिस्टरं बघितल्याशिवाय नाही सापडला म्हणू नका. फ्री-रेग नावाच्या साईटवर बरीच फुकट शोधता येतात आणि इंग्लंडमधल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत पैसे भरायच्या मोठ्या साईट्सही फुकट वापरायला मिळतात, आधी तिथे जा.

तुमच्या भागात मजुरांना पोट भरणं किती जिवावरचं होतं ते टोलपडलवरून कळतं, डॉर्चेस्टरच्या पूर्वेचं गाव, तुम्ही गेलाच असाल. मजुरी आठवड्याला ९ शिलिंगवरून ७ वर आली, ६ करायचं चाललं होतं, म्हणून मजुरांनी संघटना केली आणि गुप्त शपथ घेतली या आरोपावरून सहा जणांना १८३४ च्या मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टात सात वर्षांची काळ्या पाण्यासारखी शिक्षा झाली, ऑस्ट्रेलियाला. लोकांनी एवढा आवाज उठवला की १८३६ मध्ये माफी द्यावी लागली. तुमचा विल्यम तेव्हा तिशीच्या आसपास होता, बहुधा शेतमजूरच होता, अशीच मजुरी घेत असणार. मुलांना हे सांगा, त्यांना नावांच्या यादीपेक्षा हे जास्त लक्षात राहील.

आणि हो, १७४० च्या नोंदी पुन्हा उघडाल तेव्हा एक लक्षात ठेवा, १७५२ च्या आधी तिकडे वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे रजिस्टरमध्ये फेब्रुवारी १७३९ लिहिलं असेल तर ते आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७४०. लग्नाच्या आधीच मूल झालं असं वाटून लोक घाबरतात, कित्येकदा कारण एवढंच असतं.

प्रश्न: मी नाशिकचा, आता नॉरफोकमधल्या खेड्यात जुनं घर घेतलंय. घराचा आणि मागच्या शेताचा इतिहास काढायचाय. इथे सातबारासारखं काही असतं का?

उत्तर: असतं, आणि बघून तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यायची पद्धत होती, १८३६ च्या कायद्याने त्याचं रोख रकमेत रूपांतर केलं आणि त्यासाठी गावोगाव मोजणी करून नकाशे काढले, टाइद मॅप म्हणतात. नकाशावर प्रत्येक तुकड्याला नंबर आणि सोबतच्या तक्त्यात त्या नंबरपुढे मालक कोण, कसणारा कोण, शेताचं नाव, पीक की कुरण, क्षेत्र किती. क्षेत्र एकर, रूड, पर्च असं असतं. ४ रूडचा एकर आणि ४० पर्चचा रूड, म्हणजे एकरात १६० पर्च, आणि आपला गुंठा एकराचा चाळिसावा भाग, तेव्हा ४ पर्च म्हणजे बरोब्बर एक गुंठा आणि एक रूड म्हणजे १० गुंठे. पटकन हिशोब होतो बघा.

शेतांची नावं सोडू नका, मला तर तक्त्यात तीच आधी वाचाविशी वाटतात. पाउंड क्लोज असं नाव दिसलं तर तिथे कधीतरी कोंडवाडा असणार, ब्रिक किल्न म्हणजे वीटभट्टी, आणि ग्लीब म्हणजे पाद्रीबाबांच्या निर्वाहाची जमीन, आपल्या देवस्थान इनामासारखी. तुमच्या शेताचं नाव मिळालं तर फाटकावर लावा.

सगळ्या गावांना मात्र हा नकाशा नाही. जिथे आधीच सामाईक जमिनी वाटून कुंपणं घातली तेव्हाच चर्चचा हिस्सा मिटवला गेला, तिथे त्या वाटपाचा निवाडा आणि नकाशा मागा, काऊंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये एन्क्लोजर अवॉर्ड म्हटलं की कळतं. पुढचा टप्पा १९१० च्या सुमाराचा जमीन-घरांच्या मूल्यांकनाचा, त्याची फील्ड बुकं लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्यात घराला खोल्या किती, भिंती कशाच्या, अवस्था कशी हेसुद्धा लिहिलेलं सापडतं. त्यानंतर १९४१ ते ४३ मधलं शेतांचं सर्वेक्षण. घरात राहिलेली माणसं हवी असतील तर १९२१ चा सेन्सस आता खुला आहे, १९३१ चा १९४२ च्या आगीत जळला, १९४१ ला युद्धामुळे झालाच नाही, म्हणून मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर.

प्रश्न: माझा मुलगा श्रॉपशरमध्ये नोकरीला आहे. त्याच्या गावच्या युद्धस्मारकावरच्या एका सैनिकाचं नाव पुण्यात खडकीला आहे असं चर्चमधल्या वहीत लिहिलंय. मी पुण्यातच राहते, त्याची कबर शोधून फोटो पाठवू का? पहिल्या महायुद्धातला आहे.

उत्तर: नक्की जा काकू, पण कबर नाही, नाव शोधा. खडकीच्या युद्धस्मशानात पहिल्या महायुद्धाचं जे स्मारक आहे त्यावर अठराशेहून जास्त नावं आहेत आणि त्यातली बरीचशी माणसं तिथे पुरलेली नाहीत, भारत-पाकिस्तानात ठिकठिकाणच्या छावण्यांच्या आणि गावांच्या दफनभूमीत पुरलेली आहेत, तिथल्या कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती म्हणून नावं एकत्र खडकीला कोरली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर नाव टाकलं की तारीख आणि पलटण मिळेल. मग दफनाची नोंद, तीन इलाख्यांतून चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याच्या एन/३ या क्रमांकाखाली. त्याची लष्करी फाईल मिळेलच असं धरू नका, अर्ध्याहून जास्त फायली १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या. नावाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढा, ऊन तिरपं असताना अक्षरं उठून दिसतात. आणि मुलाला म्हणावं प्रिंट काढून त्या चर्चच्या वहीत चिकटवायला दे, त्या गावातल्या कोणी खडकीला कोरलेलं हे नाव कधी बघितलं नसेल.

प्रश्न: थडग्यावरची अक्षरं शेवाळाने झाकली गेलीत, तारेच्या ब्रशने घासू का?

उत्तर: अजिबात नको, दगडाचा थर निघतो आणि अक्षरं कायमची जातात, शिवाय चर्चच्या परवानगीशिवाय दगडाला हात लावायचा नसतो. अंधार पडताना जा, टॉर्च दगडाच्या कडेला धरून उजेड आडवा पाडा आणि चारपाच फोटो काढा. त्याआधी काऊंटीच्या फॅमिली हिस्ट्री सोसायटीला विचारा, थडग्यांवरचे मजकूर त्यांनी बऱ्याच गावांत आधीच उतरवून ठेवलेत, तेव्हा अक्षरं जास्त शाबूत होती.