निकालाच्या आदल्या रात्री

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत तू म्हणालास, "काका, उद्या कंपनीचा तिमाही निकाल आहे, दहा शेअर घेऊन ठेवलेत. स्टॉप-लॉस लावलाय, काळजी नाही." तेव्हा नीट बोलता आलं नाही. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

पुढच्या वेळी निकालाच्या रात्री स्टॉप-लॉसच्या, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायच्या ऑर्डरच्या, भरवशावर झोपू नकोस. बाजार साडेतीनला बंद होतो, बरेच निकाल त्यानंतर येतात आणि सकाळी सव्वानऊला भाव थेट खालीच उघडतो. मधल्या भावाला सौदाच होत नाही. मी एकदा 500 ला घेतलेल्या शेअरला ट्रिगर 470 (भाव इथे आला की विक्रीची ऑर्डर जागी होते), लिमिट 468 (याहून कमीला विकायचं नाही) लावलं होतं. चादरीच्या दुकानाचं शटर अर्धं वर करून मोबाईल पाहिला, तर भाव 428! ऑर्डर तशीच पडून. कंपनीचा नफा वाढला होता रे. पण लोकांनी त्याहून जास्त धरला होता.

म्हणून किती शेअर घ्यायचे हे आधी ठरव. भाव पंधरा टक्के खाली उघडला तर किती जातील, तो आकडा सोसवेल तेवढेच घे. लहान कंपनीत तर 5 टक्क्यांचं लोअर सर्किट (त्या दिवशी भाव त्याखाली जाऊ न देणारी मर्यादा) लागलं की घेणाराच नसतो. विकायचं म्हटलं तरी अडकून बसशील.

मात्र अगदीच थोडे घेतलेस तर खर्च खातो. पाच हजारांच्या खरेदीवर दोन टक्के मिळाले, म्हणजे शंभर रुपये. त्यातून घेताना-विकताना 0.1 टक्का एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढायचा; तो दहा शेअरला तेवढाच, हजाराला तेवढाच), ब्रोकरेज असेल तर तेही. शिवाय नफ्यावर अल्पमुदतीचा कर (एसटीटी त्यातून वजा होत नाही), जुलै 2024 पासून 20 टक्के. हातात काय राहतं ते मांडून बघ.

आणि निकाल वाचताना मागच्या तिमाहीशी तुलना करू नकोस, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी कर. आपल्या चादरी थंडीत खपतात. डिसेंबरची विक्री सप्टेंबरपेक्षा जास्त दिसली म्हणून धंदा वाढला असं आपण म्हणतो का? 'इतर उत्पन्न' हा रकानाही बघ. जमीन विकून आलेला नफा पुढच्या तिमाहीत येत नाही.

शनिवारी नवी पेठेत दुकानावर ये. येताना त्या शेअरच्या मागच्या आठ निकालांचा कागद करून आण: आदल्या दिवशीचा बंद भाव आणि दुसऱ्या दिवशी उघडला तो भाव. दोघं बसून बघू.

तुझा,
काका