‘काहीच’ म्हणजे नेमकं काय?

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला, मी तो सकाळी वाचला. अभ्यासाबद्दलच्या तीन ओळींत ‘काहीच’ चार वेळा. काहीच कळत नाही, काहीच लक्षात राहत नाही, काहीच जमणार नाही, आणि शेवटी नुसतंच ‘काहीच’. धीर धर, सगळं ठीक होईल, असं मी लिहिणार नाही. ते तुला चार जणांनी सांगून झालं असेल, आणि त्याचा किती उपयोग झाला ते मेसेजच्या वेळेवरूनच दिसतंय.

मला त्या ‘काहीच’बद्दल बोलायचंय. कारण तो शब्द माझाही होता.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे कलनशास्त्राचा पाया तपासणाऱ्या गणिताच्या विषयात, नापास झाले. वर्गात सर फळ्यावर लिहायचे, मी उतरवून घ्यायचे. वही इतकी नेटकी, की परीक्षेआधी मैत्रिणी ती मागून न्यायच्या. त्या पास झाल्या. (हे अजूनही जरा लागतं.) निकालानंतर सरांकडे गेले आणि तुझंच वाक्य म्हटलं, “सर, मला काहीच कळत नाही.” त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “न कळलेली पहिली ओळ दाखव.”

मी पहिल्या पानापासून बोट ठेवत निघाले. ही ओळ कळते, हीपण कळते. तिसऱ्या पानावर बोट थांबलं: ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो की...’ सीमेची (लिमिटची) व्याख्या, म्हणजे एक्स एखाद्या संख्येच्या जवळ नेला की उत्तर कशाच्या जवळ जातं, त्याची. ती मला तोंडपाठ होती, पण दोघांपैकी आधी कोण ठरतो, हेच मला ठाऊक नव्हतं! सर म्हणाले, “समोरचा सांगणार, उत्तर मला इतकं जवळ हवं. तो एप्सिलॉन. मग तू शोधायचं, त्यासाठी एक्सला किती जवळ ठेवावं लागेल. तो डेल्टा.” दहा मिनिटं लागली असतील. तेवढं एक न कळल्यामुळे पुढची चाळीस पानं माझ्या डोक्यावरून गेली होती.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. न्यूटन आणि लायब्निझ यांनी कलनशास्त्र (कॅल्क्युलस) सतराव्या शतकात उभं केलं. उत्तरं बरोबर येत होती, पण त्यात वापरलेल्या अतिसूक्ष्म राशी शून्य आहेत की नाहीत, यावर कुणाकडे धड उत्तर नव्हतं. १७३४ साली बर्कली या बिशपने त्यांना ‘निघून गेलेल्या राशींची भुतं’ म्हणून हिणवलं, आणि खरं तर त्याचा मुद्दा बिनतोड होता. कोशी या गणितज्ञाने १८२१मध्ये सगळ्याचा पाया म्हणून सीमेची संकल्पना धरली आणि तिला आजचं काटेकोर रूप आलं ते त्याच्याही नंतर, वायरश्ट्रास या दुसऱ्या गणितज्ञाच्या हातून. म्हणजे भल्याभल्या डोक्यांना दीडशेहून जास्त वर्षं लागली, आणि वेळापत्रकात तिला मिळतात दोन-तीन तास. पहिल्या ऐकण्यात ती नाही शिरली, तर त्यावरून तुझ्या बुद्धीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. वर्गात माना डोलावणाऱ्यांचं तर मनावरच घेऊ नकोस. मीही डोलवायचे.

आता अभ्यासाबद्दल. तू लिहिलंयस, “धडा पाच वेळा वाचला तरी राहत नाही.” वाचूनच राहत नसेल. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी चारही सत्रं एक उतारा वाचण्यात घालवली. काहींनी एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने बाजी उलटली: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला जास्त आठवेल, असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. पाचव्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि त्या ओळखीलाच आपण समज म्हणून बसतो. तेव्हा पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर लिही. पहिल्या दिवशी चार ओळी येतील आणि फार वाईट वाटेल. वाटू दे. जिथे पेन थांबलं तिथे खूण कर, तेवढंच उघडून बघ, पुन्हा मिट.

पावणेदोनला मात्र हे करू नकोस. वाचलेलं पक्कं होतं ते बरंचसं झोपेत, त्यामुळे झोप मोडून केलेला अभ्यास म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं.

शिक्षकांकडे जायची लाज वाटते म्हणालास. “सर, हा धडा समजावता का?” म्हणून गेलास तर तेही वैतागतील, धडा एकदा शिकवून झालाय त्यांचा. “इथवर आलं, या ओळीवर अडलं,” म्हणून जा. एका ओळीचं उत्तर द्यायला फारसं कुणी कंटाळत नाही. तरी एखादा कंटाळलाच तर दुसऱ्याला विचार.

एक विषय या सत्रात सोडून पुढे घ्यायची मुभा असेल, तर तोही विचार करून बघ. सगळे विषय एकदमच ओढायचे, असं काही व्रत घेतलेलं नाही आपण. आणि झोप, जेवण दोन-दोन आठवडे उडालं असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर तो प्रश्न अभ्यासाचा राहत नाही. मग आधी समुपदेशकाला किंवा डॉक्टरला भेट. घरी सांगायला जड जात असेल तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी.

रविवारी संध्याकाळी फोन करते. सगळ्यात नकोसा वाटणारा विषय घे, पहिल्या पानापासून बोट ठेवत जा आणि जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने रेघ मार. फोनवर मला फक्त ती ओळ वाचून दाखव. तुझा विषय मला येत नसेलही, पण ओळ ऐकायला येते.

तुझी,
ताई