रॉथचाइल्डांच्या पेढीतला पिसवांचा अभ्यासक

आपला प्रश्न असा आहे की, रॉथचाइल्डांसारख्या घराण्यात जन्मलेल्या बँकरचे आयुष्य कसे असे आणि त्याला पैशाखेरीज दुसरे काही सुचत असे का. सगळ्या घराण्याविषयी एका दमात बोलणे अवघड आहे. त्यातील चार्ल्स रॉथचाइल्ड या एकाच माणसाविषयी लिहितो, कारण मी स्वतः प्राणिशास्त्राची पदवी घेऊन पुढे जन्मभर बँकेत नोकरी केल्यामुळे मला तो जवळचा वाटतो. अर्थात त्याची पेढी त्याच्या घरची होती आणि माझी बदली दर तीन वर्षांनी होत असे, हा फरक आहेच.

त्याचे नाव मी प्रथम वाचले ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, एका काचपट्टीच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर. पट्टीवर तिळाहून लहान, तांबूस रंगाची, दोन्ही बाजूंनी चपटी अशी एक पिसू होती आणि खाली लिहिले होते, ‘झेनोप्सिला किओपिस (रॉथचाइल्ड)’. प्राण्याला प्रथम ज्याने शास्त्रीय नाव दिले त्याचे आडनाव पुढे लिहितात आणि नंतर तो प्राणी दुसऱ्या प्रजातीत हलवला गेला, तर ते आडनाव कंसात जाते. हा रॉथचाइल्ड म्हणजे लंडनच्या पेढीतला भागीदार, हे सरांनी सांगितले तेव्हा आम्हाला ती थट्टाच वाटली होती.

चार्ल्सचा जन्म १८७७ चा. पणजोबा नेथन यांनी लंडनची पेढी उभी केली आणि आजोबा लायोनेल यांनी १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे समभाग घेण्यासाठी ब्रिटिश सरकारला ४० लाख पौंड दिले. थोरला भाऊ वॉल्टर हा प्राण्यांच्या नादाने पुरता झपाटलेला, झेब्रे जुंपलेली गाडी बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत हाकत नेणारा. पेढीत त्याचे मन कधीच रमले नाही आणि १९०८ मध्ये तो तेथून बाहेर पडला. साहजिकच घरच्या अपेक्षांचे ओझे धाकट्यावर आले. चार्ल्सने ते टाळले नाही. तो नेमाने पेढीत जात असे आणि पिसवांसाठी त्याच्याकडे उरत ती संध्याकाळ आणि सुट्टी. एवढ्या उरलेल्या वेळात त्याने सुमारे ५०० नव्या जातींचे वर्णन केले, हे मला त्याच्या श्रीमंतीहून अधिक थक्क करणारे वाटते.

ती पट्टीवरची पिसू त्याला सुदानमध्ये शेंडी येथे मिळाली (गावाचे नाव खरेच शेंडी आहे) आणि १९०३ मध्ये त्याने पिरॅमिडवाल्या किऑप्स राजावरून तिचे नाव ठेवले. आपला संबंध येतो तो येथे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. रँडचे सोजीर घरे तपासत, सामान बाहेर काढत फिरत होते, पण रोग पसरतो कशाने हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवेकडे बोट दाखवले, तरी त्याच्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत प्लेग आयोगाने प्रयोग केले. प्लेगच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे पिसवेच्या उडीपलीकडे टांगले की ते प्राणी वाचत आणि जमिनीवर ठेवले की मरत. तेथील उंदरांवरची ती पिसू म्हणजेच किओपिस.

नावे ठेवण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १९११ मध्ये चार्ल्सने ‘अॅस्टिया’ ही तिची एक बहीण वेगळी काढली. दोघी इतक्या सारख्या की सूक्ष्मदर्शकाखालीही बारकाईने पाहावे लागते. पुढे असे दिसून आले की, मद्रासच्या उंदरांवर अॅस्टियाचे प्राबल्य आहे आणि ती प्लेग फारसा पसरवत नाही. मुंबई होरपळत असताना मद्रास बऱ्याच अंशी का वाचले, याचे एक मोठे कारण या दोन बहिणींत सापडले.

पैसा त्याने जमिनीवरही घातला. इंग्लंडमधले वुडवॉल्टन फेन हे दलदलीचे रान १९१० मध्ये विकत घेऊन राखले, १९१२ मध्ये निसर्गक्षेत्रे राखण्यासाठी संस्था काढली आणि १९१५ पर्यंत राखण्याजोग्या २८४ जागांची यादी सरकारपुढे ठेवली. सरकारी कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडले.

पैशाने सारे सुटत नाही, हे वाक्य मी येथे लिहिणार नाही, कारण ते आपल्यालाही ठाऊक असेल. पण मेंदूच्या सुजेच्या आजाराने चार्ल्स खचत गेला आणि १२ ऑक्टोबर १९२३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्याने स्वतःच आपले जीवन संपवले. तेव्हा त्याची थोरली मुलगी मिरियम १५ वर्षांची होती. तिने रीतसर शाळा जवळजवळ पाहिलीच नव्हती. वडिलांनी ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या पिसवांच्या संग्रहाची सचित्र सूची तिने एका सहकाऱ्यासह लिहायला घेतली. तिचा पहिला खंड १९५३ मध्ये आला आणि पाचवा १९७१ मध्ये.